'मेडन' : एका सागरी शर्यत-नौकेचा आणि तिच्या नाविक-संघांचा इतिहास

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास बहुधा खेळाडूंच्या नावाने लिहिला जातो. सागरी शर्यतींचा इतिहास मात्र नौकांच्या नावानेही लिहावा लागतो. एकच नौका निरनिराळ्या काळात निरनिराळ्या मालकांच्या, कर्णधारांच्या आणि नाविकांच्या हाती जाते. तिचे नाव बदलते, रंग बदलतो. कधी ती विस्मृतीत जाते, तर कधी परत शर्यतीच्या आरंभरेषेवर येऊन उभी राहते. अशा नौकेचे चरित्र म्हणजे तिच्यावर चढलेल्या आणि तिच्यापासून दूर ठेवल्या गेलेल्या माणसांचाही इतिहास असतो.

'मेडन' ही अशीच एक नौका आहे. ५८ फूट लांबीची, ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बांधलेली ही शिडाची नौका विख्यात संकल्पक ब्रूस फार यांच्या आराखड्यानुसार तयार झाली. पृथ्वीप्रदक्षिणेच्या तीन शर्यतींत तिने भाग घेतला. १९८१–८२ मध्ये ती पुरुष कर्णधाराच्या हाती होती, १९८९–९० मध्ये तिच्यावर फक्त महिलांचा संघ होता आणि २०२३–२४ मध्ये पुन्हा महिलांच्याच संघाने तिच्यावरून शर्यत जिंकली. इंग्रजीतील 'मेडन' या शब्दाचा एक अर्थ अविवाहित मुलगी असा आहे, तर दुसऱ्या अर्थाने तो पहिल्या-वहिल्या गोष्टीसाठी वापरला जातो. मराठी वाचकाला हा शब्द क्रिकेटमधील निर्धाव षटकामुळे परिचित आहे. नौकेच्या बाबतीत यांपैकी पहिले दोन्ही अर्थ सार्थ ठरले.

महिलांना खोल समुद्रावरील शर्यत झेपेल काय, हा प्रश्न १९८० च्या दशकात युरोपातील नौकानयन-विश्वात उघडपणे विचारला जात असे. प्रश्न क्षमतेचा आहे असे वरकरणी वाटे. प्रत्यक्षात तो संधीचा होता. 'मेडन'च्या इतिहासातून हा फरक कसा स्पष्ट होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) पृथ्वीप्रदक्षिणेच्या सागरी शर्यतीचे स्वरूप व तिच्या निकालाची पद्धत समजून घेणे.
२) 'मेडन' या नौकेच्या शर्यतींचा व तिच्या नाविक-संघांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
३) एका यशस्वी उदाहरणाने व्यवस्था कितपत बदलते, याचे विवेचन करणे.

शर्यतीचे स्वरूप

शिडाच्या नौकांची, पूर्ण नाविक-संघासह पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली मोठी शर्यत १९७३ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथून निघाली. मद्यनिर्मिती करणाऱ्या व्हिटब्रेड या कंपनीचे अर्थसाहाय्य असल्याने ती 'व्हिटब्रेड राउंड द वर्ल्ड रेस' या नावाने ओळखली गेली. पहिल्या शर्यतीत १७ नौका उतरल्या, तीन नाविकांना प्राण गमवावे लागले आणि मेक्सिकोची 'सायुला २' ही नौका विजयी ठरली. साधारणतः दर चार वर्षांनी होणारी ही शर्यत पुढे 'व्होल्वो ओशन रेस' आणि नंतर 'द ओशन रेस' या नावांनी चालू राहिली.

ही शर्यत टप्प्याटप्प्यांनी होते. प्रत्येक टप्पा काही आठवड्यांचा असतो आणि दोन टप्प्यांच्या दरम्यान नौका बंदरात थांबतात. समुद्रावर असताना मात्र बाहेरून मदत घेता येत नाही. फाटलेले शीड शिवणे, दोरखंड बदलणे, पाणी उपसणे, जखमी सहकाऱ्यावर उपचार करणे ही सारी कामे नौकेवरील माणसांनाच करावी लागतात. दिवसरात्र पाळ्या लावून नौका अखंड चालवली जाते. एका पाळीने सुकाणू व शिडे सांभाळावीत आणि दुसरीने तेवढ्या वेळात ओल्या कपड्यांनिशी का होईना, झोप घ्यावी, असा हा क्रम महिनोन्महिने चालतो.

निकालाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. पाणी कापत जाणाऱ्या पारंपरिक घडणीच्या नौकेचा कमाल वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. स्थूलमानाने, पाण्यावरील लांबी ५० फूट असेल तर हा वेग सुमारे साडेनऊ नॉट आणि ७५ फूट असेल तर सुमारे साडेअकरा नॉट येतो. (ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) उंच लाटेच्या उतारावरून घसरताना नौका या मर्यादेच्या पुढे जाते; तरीही लांब नौकेला जन्मतःच मिळालेला हा लाभ कायम राहतो. म्हणून नौकांचे क्षमतेनुसार वर्ग पाडले जातात किंवा प्रत्येक नौकेला एक गुणक देऊन तिने घेतलेला वेळ त्या गुणकाने गुणला जातो. समजा, एका मोठ्या नौकेचा गुणक १.२० आहे आणि तिला १५० दिवस लागले, तर तिचा सुधारित काळ १८० दिवस होईल. लहान नौकेचा गुणक १.०५ असेल आणि तिला १६८ दिवस लागले, तर तिचा सुधारित काळ १७६.४ दिवस भरेल. म्हणजे मागाहून पोहोचलेली लहान नौका विजयी ठरेल. कोण आधी पोहोचले एवढ्यावर निकाल न लावता, हाती असलेल्या साधनाचा कोणी किती उत्तम उपयोग केला हे मोजण्याचा हा प्रयत्न आहे. 'मेडन'च्या इतिहासाचा अर्थ लावताना हे तत्त्व पुढेही उपयोगी पडते.

पहिली शर्यत : 'दिस्क द'ओर ३'

१९८१–८२ च्या व्हिटब्रेड शर्यतीत ही नौका 'दिस्क द'ओर ३' या नावाने उतरली. स्वित्झर्लंडचे पियेर फेलमान हे तिचे कर्णधार होते. त्या वर्षी हॉलंडच्या कॉर्नेलिस व्हान रीत्स्खोटेन यांच्या 'फ्लायर' या नौकेने शर्यत जिंकली आणि 'दिस्क द'ओर ३' चौथ्या क्रमांकावर राहिली. नौका वेगवान आणि समुद्राला पुरून उरणारी आहे, हे या कामगिरीने सिद्ध झाले. तथापि, शर्यतीच्या नौकांचे आयुष्य अल्प असते. नवे आराखडे येतात, नवी हलकी द्रव्ये वापरात येतात आणि चारपाच वर्षांत जुनी नौका मागे पडते. या नौकेचेही तेच झाले. नावे बदलत, मालक बदलत ती शर्यतीच्या मुख्य प्रवाहापासून दूर गेली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विक्रीस आली.

मुदपाकखान्यातून नकाशाच्या मेजापर्यंत

ट्रेसी एडवर्ड्स यांचा जन्म १९६२ चा. शाळेशी त्यांचे कधी जमले नाही आणि किशोरवयातच त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. त्यानंतर भाड्याने फिरणाऱ्या शिडाच्या नौकांवर पडेल ते काम करत त्या समुद्रावर वावरू लागल्या. खगोलांच्या साहाय्याने नौकेचे स्थान काढण्याची विद्या त्यांनी वर्गात नव्हे, तर प्रवासात आत्मसात केली. जी मुलगी शाळेच्या चौकटीत गणितापासून पळत होती, तीच पुढे अक्षांश-रेखांशांच्या आकडेमोडीत रमली, ही बाब अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

१९८५–८६ च्या व्हिटब्रेड शर्यतीत त्या 'अटलांटिक प्रायव्हेटियर' या नौकेवर होत्या. पण त्यांना मिळालेले काम स्वयंपाकाचे होते. त्या काळी या शर्यतीत उतरणाऱ्या महिला बोटांवर मोजण्याइतक्या असत. अपवाद नव्हते असे नाही. १९७७–७८ च्या शर्यतीत क्लेअर फ्रान्सिस यांनी 'एडीसी ॲक्युट्रॅक' या नौकेचे नेतृत्व करून पाचवा क्रमांक मिळवला होता. परंतु त्यांच्या संघात पुरुषही होते आणि पुढील काळात त्यांचे उदाहरण नियम न होता अपवादच राहिले.

येथे एक दुष्टचक्र दिसते. नाविक-संघ निवडताना खोल समुद्रावरील शर्यतीचा अनुभव पाहिला जाई. हा अनुभव संघात निवड झाल्याखेरीज मिळत नसे. एखाद्या महिलेस प्रवेश मिळालाच, तर तो बहुधा चुलीपाशी मिळे. सुकाणू, शिडे आणि नकाशा यांपासून ती दूरच राही आणि मग तिला या कामांचा अनुभव नाही, हेच तिला नाकारण्याचे कारण होई. एडवर्ड्स यांनी यातून काढलेला मार्ग सरळ होता : दुसऱ्याच्या नौकेवर जागा मिळत नसेल, तर स्वतःची नौका घ्यावी आणि तिच्यावर फक्त महिलांनाच घ्यावे, म्हणजे प्रत्येक काम महिलेलाच करावे लागेल.

हा मार्ग सरळ असला तरी स्वस्त नव्हता. अनेक कंपन्यांनी अर्थसाहाय्यास नकार दिला. समुद्रात काही विपरीत घडले, तर आपले नाव त्याच्याशी जोडले जाईल, ही भीती त्यामागे होती. अखेर एडवर्ड्स यांनी घर गहाण टाकून जुनी 'दिस्क द'ओर ३' विकत घेतली आणि तिचे नाव 'मेडन' ठेवले. नौकेची अवस्था बिकट होती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर तिचे अंतरंग उसकटून, पत्रा घासून, जोडण्या तपासून तिची पुनर्बांधणी करण्यात आली आणि त्या कामात स्वतः नाविक महिला राबल्या. या खटाटोपाचा एक अनपेक्षित लाभ असा झाला, की शर्यतीपूर्वीच प्रत्येकीला नौकेचा सांधान् सांधा माहीत झाला. अर्थसाहाय्याचा प्रश्न जॉर्डनचे राजे हुसेन यांनी सोडवला. एडवर्ड्स एका नौकेवर नोकरीस असताना त्यांची राजांशी ओळख झाली होती. राजांच्या पुढाकाराने 'रॉयल जॉर्डेनियन' या विमान कंपनीने साहाय्य केले. ब्रिटिश उद्योगजगताने पाठ फिरवलेल्या ब्रिटिश नौकेला एका अरब देशाने आधार दिला, ही घटना रूढ समजुतींना छेद देणारी आहे.

शर्यत सुरू होण्यापूर्वीच संघात मतभेद झाले आणि अनुभवी फ्रेंच सहकारी मारी-क्लोद किफेर यांना संघ सोडावा लागला. परिणामी कर्णधारपद आणि मार्गनिर्देशन या दोन्ही जबाबदाऱ्या एडवर्ड्स यांच्यावर आल्या. चार वर्षांपूर्वीची आचारी आता नकाशाच्या मेजावर बसली.

दक्षिण महासागराचे गणित

२ सप्टेंबर १९८९ रोजी साउदॅम्प्टन येथून शर्यत सुरू झाली. एकूण सहा टप्पे होते : साउदॅम्प्टन ते उरुग्वेमधील पुंता देल एस्ते, तेथून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड, पुन्हा पुंता देल एस्ते, मग अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल आणि अखेरीस साउदॅम्प्टन. 'मेडन'वर बारा महिला होत्या आणि ब्रिटनखेरीज अमेरिका, फ्रान्स, फिनलंड, आयर्लंड, हॉलंड, न्यूझीलंड अशा विविध देशांच्या नाविकांचा त्यात समावेश होता. पहिल्या टप्प्यात नौका फारशी चमकली नाही आणि टीकाकारांचे समाधान झाले.

दुसरा टप्पा हा शर्यतीतील सर्वांत लांब आणि सर्वांत कठीण टप्पा. त्याचे भूगोल समजून घेतल्याशिवाय 'मेडन'च्या यशाचे मर्म कळत नाही. पुंता देल एस्ते सुमारे ३५ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, तर फ्रीमँटल सुमारे ३२ अंशांवर. दोहोंच्या रेखांशांत सुमारे १७१ अंशांचे अंतर आहे. नकाशावर पाहता सरळ पूर्वेकडे जाणे हाच जवळचा मार्ग वाटतो. पण पृथ्वी गोल असल्याने तसे नाही. ३५ अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश ओलांडण्यासाठी सुमारे ४९ सागरी मैल जावे लागते. ६० अंश अक्षांशावर तोच अंश फक्त ३० सागरी मैलांत ओलांडला जातो. म्हणजे जितके दक्षिणेकडे उतरावे, तितका मार्ग आखूड होतो. दोन बंदरांना जोडणारे बृहद्वृत्त, अर्थात गोलावरील सर्वांत कमी अंतराचा मार्ग, तर थेट अंटार्क्टिका खंडावरून जाते. तेथून नौका नेणे अशक्यच. म्हणून प्रत्येक मार्गदर्शकाला ठरवावे लागते की, दक्षिणेकडे किती खाली उतरायचे आणि कोठे थांबायचे.

दक्षिणेकडे वारेही जोरदार असतात. त्या अक्षांशांवर पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांना अडवणारी मोठी भूमी नाही, त्यामुळे वारा आणि लाटा दोन्ही वाढत जातात. पूर्वेकडे जाणाऱ्या नौकेला हा वारा पाठीशी मिळतो. परंतु याच पट्ट्यात हिमनग तरंगत असतात, धुके असते, दोर गोठतात, हातांची बोटे बधिर होतात आणि पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांतच निकामी होतो. उपग्रहाधारित स्थाननिर्देशन तेव्हा आजच्याइतके अचूक व सहज उपलब्ध नव्हते. १९८९ च्या त्याच टप्प्यात एका ब्रिटिश नौकेवरील दोन नाविक लाटेने समुद्रात फेकले गेले. त्यांतील एकाला वाचवण्यात यश आले नाही. धोका कल्पित नव्हता.

एडवर्ड्स यांनी दक्षिणेकडचा मार्ग स्वीकारला. थंडी, हिमनग आणि अपुरी झोप यांची किंमत देऊन अंतर वाचवायचे, हा तो निर्णय होता. तो केवळ धाडसाचा नव्हता. त्यामागे रोजची आकडेमोड, हवामानाच्या नोंदींचा अर्थ लावणे आणि आपली नौका किती सहन करील याची नेमकी जाण होती. नौका आपल्या हातांनी बांधल्याचा उपयोग येथे झाला. 'मेडन' आपल्या 'ड' वर्गात फ्रीमँटलला पहिली आली. त्यानंतर ऑकलंडचा टप्पाही तिने जिंकला. पहिला टप्पा हा दीर्घ मजलीचा होता, तर दुसऱ्यात प्रतिस्पर्धी नौका नजरेच्या टप्प्यात ठेवून डावपेच लढवावे लागले. दोन भिन्न प्रकारच्या परीक्षांत मिळालेल्या या यशामुळे ते योगायोगाने मिळाले, असे म्हणण्यास जागा उरली नाही.

निकाल आणि त्याचे दर्शन

शर्यतीच्या उत्तरार्धात चित्र पालटले. चौथ्या टप्प्यात नौकेत पाणी शिरू लागल्याने वेगाला आवर घालावा लागला. त्यात गमावलेली आघाडी पाचव्या टप्प्यातही भरून निघाली नाही. २८ मे १९९० रोजी 'मेडन' साउदॅम्प्टनला परतली. 'ड' वर्गात तिला दुसरा क्रमांक मिळाला. पात्रिक ताबार्ली यांच्या 'लेस्प्री द लिबेर्ते' या फ्रेंच नौकेने तो वर्ग जिंकला. शर्यतीचे सर्वसाधारण विजेतेपद न्यूझीलंडच्या पीटर ब्लेक यांच्या ८४ फुटी 'स्टाइनलागर २' या नौकेकडे गेले. 'स्टाइनलागर २' ने १२८ दिवस, तर 'मेडन'ने सुमारे १६७ दिवस घेतले. ८४ फुटांची नवी नौका आणि ५८ फुटांची जुनी नौका यांच्या वेळांतील हा फरक नाविकांच्या कुवतीचा नसून प्रामुख्याने नौकांच्या लांबीचा व घडणीचा आहे, हे वर दिलेल्या गणितावरून लक्षात येईल.

वृत्तपत्रांनी हा प्रवास कसा पाहिला, हेही उद्बोधक आहे. आरंभी एका ब्रिटिश स्तंभलेखकाने या संघाची संभावना हीन शब्दांत केली होती. पुरुष कर्णधारांना डावपेचांविषयी प्रश्न विचारले जात, तर या महिलांना आपापसांतील भांडणे आणि सौंदर्यप्रसाधने यांविषयी विचारले जाई. पाचव्या टप्प्याअखेर, मागे पडल्याच्या निराशेवर उतारा म्हणून, संघाने पोहण्याच्या पोशाखात फोर्ट लॉडरडेल बंदरात प्रवेश केला. ते छायाचित्र सर्वदूर छापले गेले. दक्षिण महासागरातील हिमनगांमधून काढलेल्या वाटेचे छायाचित्र तेवढे कोणी पाहिले नाही. कर्तृत्वापेक्षा रूपाला मिळणारी ही प्रसिद्धी ही त्या काळाची साक्ष आहे.

तथापि, साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर स्वागतासाठी हजारो लोक जमले होते. ब्रिटनमधील 'यॉट्समन ऑफ द इयर' हा सन्मान एडवर्ड्स यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. ज्या सन्मानाच्या नावातच 'पुरुष' आहे, तो महिलेला देताना शब्द अपुरा पडला, यातच बदलाची खूण होती.

यशानंतरची पंचवीस वर्षे

एका यशाने दारे खुली झाली काय? या प्रश्नाचे उत्तर संमिश्र आहे. 'मेडन'वरील अमेरिकन नाविक डॉन रायली यांनी १९९३–९४ च्या व्हिटब्रेड शर्यतीत 'हायनेकेन' या महिला-संघाच्या नौकेचे नेतृत्व केले आणि पुढे अमेरिकाज कप स्पर्धेतही महत्त्वाची भूमिका बजावली. १९९७–९८ मध्ये 'ईएफ एज्युकेशन' आणि २००१–०२ मध्ये 'आमेर स्पोर्ट्स टू' या नौकांवर महिलांचे संघ होते. परंतु त्यांतील एकालाही टप्पा जिंकता आला नाही. महिला-संघाने पुन्हा टप्पा जिंकला तो २०१५ मध्ये. सॅम डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली 'टीम एससीए'ने लिस्बन ते लोरियाँ हा टप्पा जिंकला. 'मेडन'नंतर पंचवीस वर्षे लोटली होती.

या दीर्घ खंडाचे कारण पुन्हा त्या दुष्टचक्रात सापडते. महिलांचे संघ दर खेपेस नव्याने जमवले जात. प्रतिस्पर्धी पुरुष नाविकांच्या गाठीस तीन-तीन, चार-चार शर्यती असत. शर्यत संपली की महिला-संघ विखुरला जाई आणि इतर नौकांवर त्या महिलांना जागा मिळत नसे. त्यामुळे अनुभवाचा संचय होत नव्हता. वेगळी नौका मिळाल्याने महिलांना प्रवेश मिळाला, पण मुख्य प्रवाहात स्थान मिळाले नाही.

बदल घडला तो नियमामुळे. २०१७–१८ च्या व्होल्वो ओशन रेसमध्ये आयोजकांनी नाविकांच्या संख्येचा नवा नियम केला. केवळ पुरुषांच्या संघाला सातच नाविक नेता येत. सात पुरुषांबरोबर एक किंवा दोन महिला घेता येत. पाच पुरुष व पाच महिला असा दहांचा संघ चालत असे. आणि केवळ महिलांचा संघ अकरा जणींचा असू शकत होता. अधिक हात म्हणजे अधिक विश्रांती आणि अधिक वेग, हे साधे गणित होते. परिणामी सातही संघांनी महिलांना घेतले. विजयी 'डोंगफेंग' संघात हॉलंडच्या कारोलाइन ब्राउवर आणि फ्रान्सच्या मारी रिऊ या दोघी होत्या. ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. जे काम एका नौकेच्या पराक्रमाने पाव शतकात झाले नाही, ते एका नियमाने एका शर्यतीत घडवून आणले. अर्थात, तो नियम करण्याइतकी मनोभूमिका तयार होण्यात 'मेडन'चा वाटा होता, हेही नाकारता येत नाही.

नौकेचे पुनरागमन

१९९० च्या शर्यतीनंतर 'मेडन' विकावी लागली. २०१४ मध्ये ती सेशेल्स बेटांवर मोडकळीस आलेल्या अवस्थेत असल्याचे एडवर्ड्स यांना समजले. निधी उभारून त्यांनी ती परत मिळवली, २०१७ मध्ये इंग्लंडला आणली आणि तिची दुरुस्ती केली. या कामी राजे हुसेन यांच्या कन्या राजकुमारी हया यांचे साहाय्य लाभले. २०१८ पासून 'द मेडन फॅक्टर' या संस्थेमार्फत मुलींच्या शिक्षणासाठी जागृती व निधी-उभारणी करीत ही नौका देशोदेशी फिरू लागली. त्याच वर्षी ॲलेक्स होम्स दिग्दर्शित 'मेडन' हा माहितीपट प्रदर्शित झाला.

पहिल्या व्हिटब्रेड शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त २०२३ मध्ये 'ओशन ग्लोब रेस' आयोजित करण्यात आली. जुन्या धाटणीच्या नौका, सेक्स्टंट व कागदी नकाशे यांचाच आधार आणि आधुनिक स्थाननिर्देशक उपकरणांना मनाई, असे तिचे स्वरूप होते. चार टप्प्यांत सुमारे २७,००० सागरी मैलांचा प्रवास होता. १० सप्टेंबर २०२३ रोजी साउदॅम्प्टनहून निघालेल्या १४ नौकांत 'मेडन' होती. हेदर थॉमस या तरुण ब्रिटिश महिला तिच्या कर्णधार होत्या. संघात युरोप-अमेरिकेबरोबरच अँटिग्वा, दक्षिण आफ्रिका, अफगाणिस्तान आणि भारत येथील महिलाही होत्या. एप्रिल २०२४ मध्ये शर्यत संपली, तेव्हा गुणकानुसार काढलेल्या सुधारित काळाच्या निकालात 'मेडन' प्रथम आली. केवळ महिलांच्या संघाने पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जिंकल्याची ही पहिलीच घटना होय. चार दशकांहून अधिक वयाच्या नौकेने हा मान मिळवला.

गोव्याशी जुळलेला धागा

या विजयी संघातील भारतीय नाविक पायल गुप्ता यांची जडणघडण गोव्याच्या किनाऱ्यावर झाली होती. 'आयएनएसव्ही तारिणी' ही ५६ फुटी नौका गोव्यातील दिवाडी बेटावरील ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. तत्पूर्वी याच ठिकाणी बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेवरून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. दोंदे यांनी पुढे 'तारिणी'च्या महिला-संघाला मार्गदर्शन केले. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातील सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि सुमारे २१,६०० सागरी मैलांची प्रदक्षिणा पूर्ण करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. पायल गुप्ता या सहांपैकी एक होत्या. बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला, त्या 'मेडन'वरून निघालेल्या शर्यतीत सहभागी झाल्या.

'तारिणी'ची प्रदक्षिणा ही शर्यत नव्हती, मोहीम होती. तरीही दोहोंतील साम्य महत्त्वाचे आहे. दोन्हींकडे महिलांना सुकाणूपासून दुरुस्तीपर्यंत प्रत्येक काम शिकण्याची संधी आधी मिळाली आणि क्षमतेची प्रचिती नंतर आली. भारतीय नौदलाने हा क्रम पुढेही चालू ठेवला. २०२४–२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनीच 'तारिणी'वरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

निष्कर्ष

१) 'मेडन'चे बाह्य शरीर तिन्ही शर्यतींत मूलतः तेच राहिले, संघ बदलले. हवामान, प्रतिस्पर्धी आणि नियम भिन्न असल्याने चौथा, वर्गात दुसरा आणि पहिला या क्रमांकांची थेट तुलना करता येत नाही. परंतु नौका महिलांना झेपणार नाही, हे विधान मात्र या इतिहासाने निर्णायकपणे खोडून काढले आहे.

२) क्षमतेचा पुरावा मागणारी व्यवस्था अनेकदा तो पुरावा देण्याची संधीच नाकारते. आचाऱ्याच्या जागेवरून मार्गनिर्देशकाच्या जागेवर जाण्यासाठी एडवर्ड्स यांना स्वतःची नौका विकत घ्यावी लागली, यातून ही बाब स्पष्ट होते.

३) एकाकी यश प्रेरणा देते, पण अनुभवाचा संचय घडवून आणत नाही. त्यासाठी २०१७–१८ च्या नियमासारखी संस्थात्मक तरतूद आवश्यक असते.

४) निष्पत्तीचे मोजमाप साधनांच्या विषमतेचा हिशेब धरूनच केले पाहिजे. सागरी शर्यतीत त्यासाठी गुणकाची पद्धत आहे.

समारोप

शिक्षणक्षेत्रातही अशीच परिस्थिती आढळते. पूर्वानुभव नाही म्हणून संधी नाही आणि संधी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात प्रयोगशाळेपासून क्रीडांगणापर्यंत अनेक विद्यार्थिनी अडकतात. समितीत विद्यार्थिनीला घेतले जाते. पण तिच्याकडे स्वागताचे तबक येते आणि अंदाजपत्रकाची वही दुसऱ्याच्या हाती जाते. संघात तिचे नाव आहे काय, एवढे पाहून भागत नाही. तिच्या हाती कोणते काम आहे, हे पाहावे लागते. 'मेडन'चा इतिहास घडला तो बारा महिला नौकेवर होत्या एवढ्यामुळे नव्हे, तर तिच्यावरील प्रत्येक काम, चुलीपासून नकाशापर्यंत, त्यांचेच होते म्हणून.